गंजू नये म्हणून

फोन आला तेव्हा माझ्या हातात एका शाळामास्तरीण बाईंच्या चष्म्याची काच होती. चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत, मी काचा घासते. पुढे दुकानाचे मालक काका गिऱ्हाइकांशी गोड बोलतात आणि मागे मी यंत्राशी भांडते. काच फ्रेमच्या आकारात कापायची, कडा घासायच्या आणि नंबर जिथे बसायला हवा तिथेच बसवायचा. थोडं जरी फिरलं तरी माणसाला सरळ जिना तिरका दिसतो आणि शिव्या मला बसतात.

"तुमचे ठिपके वाढलेत," पलीकडून रक्त तपासणाऱ्या बाई म्हणाल्या.

"किती?"

"बेचाळीस. मागच्या वेळी सहा होते. उद्या सकाळी या. मिस्टरांनाही घेऊन या. आणि तोपर्यंत..." त्या जरा अडखळल्या. "तोपर्यंत दोघं वेगळे झोपा."

काच यंत्रात टिचली. काकांनी बाहेरून विचारलं, काय गेलं गं? मी म्हटलं, डावी गेली. यंत्रावरची पाण्याची धार बंद करायचंही सुचेना.

ठिपके म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल मला गोवर आलाय.

माझ्या नवऱ्याला एचआयव्ही आहे. मला नाही. हे मी इतक्या डॉक्टरांना इतक्या वेळा सांगितलंय, की आता ते घरच्या पत्त्यासारखं तोंडात बसलंय. आमच्या लग्नाला सात वर्षं झाली तेव्हा त्यांना खोकला धरला, मग ताप, मग क्षय निघाला आणि क्षयामागून हे निघालं. लग्नाआधीचं होतं. त्यांनी खाली मान घालून सगळं सांगितलं. मी आठ दिवस एक शब्द बोलले नाही आणि नवव्या दिवशी बोलायला लागले ती अजून थांबलेली नाही.

तेव्हा माझी तपासणी झाली. नाही. दुसऱ्यांदा केली, नाही. तिसऱ्यांदा दुसऱ्या दवाखान्यात केली, तरी नाहीच. आमची बबडी तेव्हा चार वर्षांची होती, तिलाही काही नव्हतं. सात वर्षं एका अंथरुणात, एकाही गोष्टीची काळजी न घेता, आणि मी कोरडी. डॉक्टर माझ्याकडे असे बघायचे की मीच काहीतरी चोरलंय.

त्यांनीच मला रक्ताच्या संशोधन केंद्रात पाठवलं. तिथल्या बाई वयाने माझ्याएवढ्याच, पण बोलताना सारखा चष्मा वर ढकलणाऱ्या. फ्रेम त्यांच्या नाकाला मोठी आहे, हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. तिथून आमचं जमलं. त्या म्हणाल्या, "तुमच्यासारखे थोडे लोक असतात. विषाणू त्यांच्यापर्यंत पुन्हा पुन्हा पोचतो, पण त्यांच्यात घर करत नाही. तुमच्या शरीराने काय केलं ते आम्हाला बघायचंय."

बघायची रीत अशी. बारीक खळगे असलेली एक प्लॅस्टिकची ताटली असते. त्या खळग्यांत माझ्या रक्तातल्या पेशी घालायच्या आणि वरून विषाणूचे तुकडे. जिवंत विषाणू नाही, नुसते तुकडे. ज्या पेशीने त्याला आधी पाहिलंय ती चवताळते, आणि ती जिथे चवताळते तिथे एक निळा ठिपका उमटतो. पहिल्या वेळी माझे एकाहत्तर ठिपके आले. बाईंनी मला ताटली भिंगाखाली दाखवली. "ह्या पेशी त्याला ओळखतात," त्या म्हणाल्या. "तो दारापर्यंत आला होता." मग लगेच असंही म्हणाल्या, की तुम्ही ह्याच पेशींमुळे वाचलात असं मात्र कोणी छातीठोक सांगू शकत नाही. आणखी शंभर कारणं असू शकतात.

हे दुसरं वाक्य आम्ही दोघंही केंद्राच्या पायऱ्या उतरेपर्यंत विसरलो. पहिलं घरी आणलं. ठिपके हा आमच्या घरातला शब्द झाला. मी भांडायला लागले की हे म्हणायचे, "सोडा हो, ठिपकेवाल्या बाई आहेत, ह्यांना कोण हरवणार." मीही ऐकून फुगायचे. खोटं कशाला बोलू?

ह्यांच्या गोळ्या सुरू झाल्या. रोज एक, सकाळी नऊला. वर्षभरात ह्यांच्या रक्तात विषाणू मोजायलाही सापडेना. अंगावर मांस आलं, गाल भरले. आणखी सहा महिने तसेच गेल्यावर डॉक्टर म्हणाले, आता आपापसात कसली काळजी घ्यायची गरज नाही, आणि आम्ही घ्यायची सोडली. सगळं सुरळीत झालं होतं. फक्त दर सहा महिन्यांनी माझे ठिपके कमी होत होते. एकाहत्तरचे पन्नास झाले, पन्नासचे तेहतीस, आणि असं उतरत उतरत मागच्या खेपेला सहा.

त्या खेपेला हे माझ्या शेजारीच बसले होते, टोपी मांडीवर ठेवून. बाई हसत म्हणाल्या, "छान आहे. तुमच्या पेशी त्याला विसरायला लागल्यात."

विसरायला लागल्यात. मी विचारलं, "मग तो परत आला तर?"

"येणार कुठून? मिस्टरांच्या रक्तात तो सापडत नाही, म्हणजे त्यांच्याकडून तुम्हाला लागण होत नाही. समोर कोणी येतच नसेल तर पेशींनी ओळख कशाला ठेवायची?"

ह्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण मी खोदून खोदून विचारलं, आणि बाई पडल्या खरं बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, दूर कुठल्या तरी देशात काही बायका वर्षानुवर्षं अशाच बिनलागणीच्या राहिल्या होत्या. मधे विषाणूशी गाठ पडण्यात खंड पडला, आणि त्यानंतर त्यातल्या काहींना लागण झाली. खंड पडल्यामुळेच झाली का, ते नक्की माहीत नाही.

ह्यांनी तेव्हा एकच प्रश्न विचारला. "म्हणजे सवय मोडली की संपलं?"

"असं सोपं नसतं हो ते," बाई म्हणाल्या. ह्यांनी मान डोलावली, पण त्यांनी जे ऐकलं ते 'हो' होतं. मी नवऱ्याला ओळखते.

तर आता बेचाळीस. मी टिचलेल्या काचेचे तुकडे गोळा करत होते आणि डोकं धावत होतं. ठिपके वाढले म्हणजे तो पुन्हा माझ्या पेशींसमोर आला. येणार कुठून, तर एकाच ठिकाणाहून. आणि ह्या वेळी तो नुसता येऊन परत गेला, की राहिला? ती तपासणी वेगळी, तिचा निकाल उद्या सकाळी. ठिपके म्हणजे आजार नव्हे, हे मला चांगलं माहीत होतं. पण त्याने मानेवरचा घाम काही थांबेना.

काकांना डोकं दुखतंय असं सांगून मी निघाले. घरी फडताळातली गोळ्यांची बाटली काढली आणि गोळ्या ओट्यावर ओतल्या. जितक्या उरायला हव्यात तितक्याच होत्या. हे रोज माझ्यासमोर गोळी तोंडात टाकतात, वर पाणी पितात, टोपी घालतात आणि जातात. गोळ्या पुन्हा बाटलीत भरताना दोन खाली सांडल्या. मी ओट्याखाली गुडघ्यांवर बसून त्या शोधल्या, पुसल्या आणि आत टाकल्या. जीव मुठीत धरून बसायचं तरी कुठे? मी घराला कुलूप लावलं आणि तडक ह्यांच्या कामावर गेले.

हे लिफ्ट दुरुस्त करतात. त्या दिवशी अकरा मजल्यांच्या एका कचेरीत काम होतं. खाली दारावर पाटी, काम चालू आहे, जिना वापरा. मी जिना वापरला. सातव्या मजल्यावर छाती फुटायची वेळ आली. तिथे एका बाकावर टेकले, तेव्हा वरून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला आणि सगळा जिना हादरला. कोणीतरी दार उघडून म्हणालं, घाबरू नका, ब्रेक तपासतायत. मी म्हटलं, मी नाही घाबरत. माझे दात वाजत होते.

गच्चीवरच्या यंत्राच्या खोलीत हे एकटेच होते. मधोमध मोटार, तिच्या डोक्यावर मोठं चाक, चाकावरून खाली अंधारात गेलेले पोलादी दोर, आणि सगळ्याला वंगणाचा वास. ह्यांनी वळून पाहिलं. शर्टाची कॉलर मानेपासून बोटभर सुटलेली होती.

"अगं, तू इथे? बबडी बरी आहे ना?"

"गोळी कुठे टाकता?" मी विचारलं.

त्यांनी हात पुसायचं फडकं घेतलं. एकेक बोट सावकाश पुसलं. खोटं बोलायची त्यांना कधीच नीट सवय नव्हती.

"जिभेखाली धरतो. कोपऱ्यावर वळलो की टाकतो. माणसं असली तर रुमालात."

"कधीपासून?"

"बाई विसरायचं म्हणाल्या ना, त्या दिवसापासून."

सहा महिने. ते बोलायला लागले, आणि ज्या आवाजात नव्या माणसाला काम समजावतात त्याच आवाजात.

"हे बघ. दोर तुटला तर डबा जागच्या जागी धरून ठेवणारा एक ब्रेक असतो, डब्याच्या पोटाशी. तो एरवी लागतच नाही. दोर काही रोज तुटत नाही, दहा दहा वर्षं तुटत नाही. म्हणून लोक त्याला हात लावत नाहीत. आणि ज्या दिवशी दोर तुटतो त्या दिवशी तो गंजून बसलेला असतो. मी पाहिलंय गं. त्या डब्यात काय उरतं ते मी पाहिलंय. म्हणून आम्ही सहा महिन्यांनी मुद्दाम लावून बघतो. वापरात राहिला की गंजत नाही."

"मी लिफ्ट आहे का हो?"

"ओरडू नकोस. ऐक. कधीतरी गोळ्या मिळणार नाहीत, कधी माझ्याकडून चुकेल, कधी औषधच काम करेनासं होईल. माझ्यातला तो उठेल आणि आपल्याला कळणारही नाही. तेव्हा तुझ्यात काहीच उरलेलं नसलं तर? सात वर्षं तू झेललंस ते सराव होता म्हणून. माझं एक वेळ होऊ दे काहीही. तुला झालं तर बबडीला कोण आहे?" त्यांचा आवाज बसला. "मला झोप लागत नव्हती गं. सहाच उरले होते."

"बेचाळीस झालेत," मी म्हणाले.

आणि त्या माणसाचा चेहरा उजळला. देवाशपथ उजळला. "बेचाळीस? सहाचे बेचाळीस? बघ! बघ, म्हणजे..."

मी फडकं त्यांच्या हातातून ओढून त्यांच्या तोंडावर फेकलं. जवळ पाना होता, तो फेकला नाही हे माझ्या पूर्वजांचं पुण्य. "म्हणजे तुम्ही तो मला रोज वाढत होतात! तो राहिलाय की गेलाय ते उद्या कळणार आहे. माझा निकाल उद्या आहे. कळतंय का तुम्हाला? उद्या!"

त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ते खाली फरशीवर, वंगणातच बसले. निकालाचं त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. मला काही होऊ नये एवढी एकच भीती त्यांनी सहा महिने उराशी धरली होती. त्या भीतीपायी स्वतःच्या हाताने काय करतोय, तेवढंच त्यांना दिसलं नव्हतं. मग खोकला आला. तो खोकला मी ओळखला. चार वर्षांपूर्वी तो आमच्या घरात तीन महिने राहिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता आम्ही केंद्राच्या दारात होतो. बबडीला शेजारी सोडलं होतं. ती म्हणाली, दोघं एकदम कुठे चाललात, मला पण न्या. मी तिला उगाचच एक धपाटा दिला आणि रस्ताभर त्याचं वाईट वाटत राहिलं. ह्यांचं रक्त घेतलं, दोन तासांनी आम्हाला आत बोलावलं. बाईंच्या खोलीत दोन खुर्च्या एकमेकींना लागून असतात. आम्ही नेहमीसारखे बसलो. मी बाईंच्या चेहऱ्याकडे बघेना, त्यांच्या हातातल्या कागदाकडे बघत राहिले. कागद माझ्याकडे पाठ करून होता.

"तुम्हाला लागण नाही," त्या म्हणाल्या. "आजच्या घडीला नाही."

ह्यांनी डोळे मिटले. मला रडू आलं नाही. मला बाईंचं दुसरं वाक्य ऐकायचं होतं. ह्या वेळी मी ते विसरणार नव्हते.

"आजच्या घडीला म्हणजे, अगदी अलीकडे आत शिरला असेल तर तो अजून दिसायचा नाही. आजपासून तुम्हाला महिनाभर प्रतिबंधाच्या गोळ्या. सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी, तीन महिन्यांनी पुन्हा. तोपर्यंत मी काहीच सांगू शकत नाही." मग त्या ह्यांच्याकडे वळल्या. "आणि तुम्ही. तुमच्या रक्तात तो आता लाखांनी आहे. छातीचा फोटो काढायचाय आजच. जुन्या गोळ्या पुन्हा लागू पडतील की नाही, ते बघावं लागेल. काय केलंत हे?"

ह्यांनी ब्रेकचं सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. बाई ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "मी विसरणं म्हणाले. मी तो शब्द सहज वापरला." मग त्यांचा आवाज चढला. "पण ब्रेक आहे असं कोण म्हणालं तुम्हाला? ते ठिपके म्हणजे कोणीतरी दार वाजवून गेल्याच्या खुणा आहेत. दाराला कडी आहे की नाही ते त्यांवरून मला कळत नाही. कोणालाच कळत नाही! तुम्ही सहा महिने दार वाजवत राहिलात, आणि खुणा वाढल्या म्हणून खूश झालात?"

हे मान खाली घालून बसले होते. शाळेत बसतात तसे.

"आणि घरात कोणाच्याच लक्षात आलं नाही?" बाईंनी विचारलं. "सहा महिने?"

"हिला काही बोलू नका," हे पटकन म्हणाले. "हिला काहीच माहीत नव्हतं. मी लपवलं हिच्यापासून." आणि त्यांनी माझा हात धरला, माझी बाजू घेताना नेहमी धरतात तसा, घट्ट.

इथे मला थांबता आलं असतं. बाईंनी मान हलवली होती, कागद पुढे ओढला होता. पण ह्यांचा हात तापलेला होता. आदल्या संध्याकाळी शिव्या घालताना मला तो ताप जाणवला नव्हता.

"माहीत होतं," मी म्हणाले.

"नाही हो," हे बाईंना म्हणाले. "ही आता उगाच माझं पाप वाटून घेतेय."

तुम्हालाही मी हे अजून सांगितलेलं नाही. सांगायला जीभ रेटत नव्हती. चार महिन्यांपूर्वी मी ह्यांची पॅन्ट धुवायला घेतली तेव्हा खिशातल्या रुमालात एक गोळी निघाली. एका बाजूने विरघळलेली. मला समजायचं ते समजलं, सगळंच्या सगळं समजलं, कारण सहा हा आकडा माझ्याही डोक्यात रुतून बसला होता. नळ चालू होता. मी ती गोळी धारेखाली धरली आणि ती जाईपर्यंत धरून ठेवली. संध्याकाळी हे आले, मी मूग गिळून बसले. म्हटलं, थोडे वाढू देत. पुढच्या तपासणीत आकडा वर आला की ओरडेन, मग घेतील पुन्हा गोळ्या. तोपर्यंत मला काही होणार नाही, मला कधीच काही होत नाही. हे मी स्वतःला अंथरुणात पडल्या पडल्या सांगायचे, आणि भीती वाटायची, तरी मी कूस बदलून ह्यांच्याकडे पाठ करायचे नाही. ह्यांचं काय होईल, तो विचार मी लांब ठेवला. काल जिना चढताना मला नवीन काहीच कळायचं नव्हतं. मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं, म्हणजे मला ओरडता आलं असतं.

हे मी बाईंसमोर सांगितलं, थोड्या शब्दांत. हे अजूनही मान हलवत होते. "काहीतरीच काय बोलतेस? तुला कळलं असतं तर तू घर डोक्यावर घेतलं असतंस."

"तुमचा पट्टा," मी म्हणाले. "दोन महिन्यांपूर्वी म्हणालात, ढिला होतोय. मी दुकानातून टोचा आणला आणि त्याला आणखी एक भोक पाडून दिलं. काही विचारलं मी तेव्हा? मागच्या महिन्यात अजून एक पाडलं. तेव्हा विचारलं?"

त्यांचा हात माझ्या हातातून सुटला आणि कमरेशी गेला. शर्टाच्या आत, पट्ट्यावर, बोटांनी त्यांनी एक भोक चाचपलं, मग दुसरं. मग माझ्याकडे पाहिलं. आजाराला घाबरलेले ते मी पाहिले होते, मरणाला घाबरलेले पाहिले होते, मला काही होईल म्हणून घाबरलेले तर कालच पाहिले होते.

अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आपली खुर्ची माझ्यापासून लांब सरकवली.